मांडवात न दिसलेली अरुंधती

गावात हळदीचे बॉयलर पुन्हा धडधडायला लागले आहेत. मेडशीच्या आसपास सोयाबीन-तुरीच्या जोडीला आता हळदही बरीच होते, आणि होळी झाली की ट्रॅक्टरमागे बांधलेले हे बॉयलर एका आवारातून दुसऱ्या आवारात फिरू लागतात. वाफेत शिजलेल्या हळदीचा वास दमट असतो, मातकट असतो आणि घशात जाऊन बसतो. लोकांना तो भरल्या घराचा वास वाटतो. मला सोसवत नाही. मी वाशीमकडच्या मालेगावात कॉलेजचं ग्रंथालय सांभाळते. परीक्षेच्या दिवसांत मुलं गाईडं मागून मागून डोकं उठवतात, म्हणून संध्याकाळच्या एसटीत डोळे मिटून बसावं म्हणते, तर फाट्यावर उतरण्याआधीच खिडकीतून तो वास आत येतो. मी पदर नाकाला लावून घरी चालत जाते. शेजारच्या बायका हसतात. "हळदवाल्यायच्या घरची सून अन हळदीचाच वास चालत नाई हिले!" म्हणतात. मी पाय उचलते. पूर्वी उत्तर दिलं असतं आणि चांगलं झणझणीत दिलं असतं.

आमचं आवार मोठं आहे. पुढे दोन घरं, एक आमचं आणि एक माझ्या दिराचं, गजाननचं. सासू-सासरे गेल्यावर चुली दोन झाल्या, पण मागचं आवार एकच राहिलं. शिजलेली हळद तिथेच वाळत पडते. सुरुवातीला ती ओली, चिखलासारखी दिसते. मग उन्हाने आकसते, कडक होते, आणि पायाने सारली की खडखड वाजते. या दिवसांत आवारात पाय ठेवायला जागा नसते. मधोमध एक चौकोन तेवढा मोकळा ठेवायचा आमचा रिवाज होता. तिथे माझ्या नवऱ्याची, संजयची दुर्बीण उभी राहायची.

संजय हायस्कूलला विज्ञान शिकवतो. दुर्बीण त्याने मोबाइलवरून मागवली होती. खोकं आलं तेव्हा मला वाटलं पिठाची गिरणी आली असेल, मी बरेच दिवस मागत होते. आत निघाली पांढरी नळी, तीन पायांचा लटपटता स्टँड आणि डोळा लावायची दोन भिंगं, एक साधं आणि एक जास्त ताकदीचं. मी दोन दिवस बोलले नाही. गजानन मात्र पहिल्याच संध्याकाळी येऊन बसला. स्टँड वाऱ्याने हलतो म्हणून त्यानेच हळदीचे गड्डे भरलेली पिशवी खाली लटकवून दिली, आणि मग ती नळी गुमान उभी राहिली. संजयने चंद्र लावून दिला. गजाननने डोळा लावला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, हे तं आपल्या खालच्या वावरासारखं हाये. खड्डेच खड्डे. कोनाच्या नावानं हाये सातबारा?"

असा होता तो. उंच, काळा, हसला की सगळ्या आवाराला ऐकू जाणारा. आणि गालात कायम खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून बनवलेला हा आमच्या भागातला प्रसाद ज्याने शोधला त्याला मी रोज मनात शिव्या देते. गजाननच्या खिशात किल्ल्यांआधी पन्नी असायची. मी बोलायचे, संजय बोलायचा, आणि तो म्हणायचा, "वयनी, माह्यं एकच व्यसन हाये, तेही तुमी मोजून राह्यल्या." तोंड नीट उघडेना झालं, भाकरीचा घास आत जाईना, तेव्हा कुठे दवाखान्यात गेला. आमच्या जऊळका स्टेशनाहून गाडीने अकोला, तिथून नागपूर. जबड्याचा एक भाग काढला, शेक दिले. घरी आला तेव्हा त्याच्या चेहऱ्याची एक बाजू खाली बसली होती. काही महिने बरे गेले. मग गाठ पुन्हा वर आली.

नागपूरच्या डॉक्टरांनी आम्हाला बाहेरच्या लांब व्हरांड्यात नेऊन सांगितलं, आता घरी न्या, सहाएक महिने धरून चाला. हळू आवाजात सांगितलं, पण गजाननची बायको रेखा आमच्या मागेच उभी होती. तिने सगळं ऐकलं. परतीच्या गाडीत अकोला मागे पडलं, आमचं स्टेशन जवळ आलं, तेव्हा उतरायच्या गडबडीत तिने मला विचारलं, "ताई, डॉक्टर सहा महिनेच कायले म्हनले?" मी म्हटलं, अगं त्यांचा अंदाज असतो. ती म्हणाली, "नाई. बरोब्बर सहाच म्हनले."

तिच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला चार दिवसांनी कळलं. ज्याला अरुंधती दिसत नाही त्याचे सहा महिने उरलेले असतात, असं जुने लोक सांगतात. मीही लहानपणी ऐकलं होतं आणि विसरले होते. रेखा विसरली नव्हती.

अरुंधतीची गोष्ट आमच्याकडे लग्नातच येते, आणि मोठी मजेची येते. सप्तर्षींच्या शेपटातला मधला तारा वसिष्ठ, आणि त्याला खेटून अगदी बारीक दिसते ती अरुंधती. नवरा-नवरीने ती जोडी पाहायची, म्हणजे संसार तसा होतो. पण आमच्याकडची लग्नं लागतात भर दुपारी. वर मांडवाचं कापड, त्याखाली पंखा, आणि भटजींना पुढच्या लग्नाची घाई. ते म्हणतात, वर पाहा, अरुंधती दिसली का? नवरा पंख्याकडे पाहून म्हणतो, दिसली. नवरीही म्हणते, दिसली. लोक अक्षता टाकून पंगतीकडे पळतात. मीही माझ्या लग्नात पंख्यालाच अरुंधती म्हटलं आहे. गजाननच्या लग्नात तर वीज गेली होती, पंखाही फिरत नव्हता. तो घामाने निथळत, फेटा सावरत ओरडला होता, "दिसली, दिसली! आता जेवू द्या!" मांडव हसला होता. सगळ्यात जास्त मी हसले होते.

रेखा चुलीपुढे बसून मला म्हणाली, "ताई, आमी देवाबाम्हनासमोर खोटं बोललो. दिसली नाई अन दिसली म्हनलं."

मी चिडले. अशा गोष्टींवर मी फार चटकन चिडते. म्हटलं, "मग आम्ही काय खरं बोललो? गावातली सगळी लग्नं तशीच लागली. खर्रा खाल्ला म्हणून झालं हे. अरुंधतीला मध्ये आणू नको."

ती शांतपणे म्हणाली, "तुमाले भाऊजीनं मंग दाखवली असन ना, खरीखुरी?"

दाखवली होती. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, याच आवारात, संजयने माझी हनुवटी धरून मान वर केली होती आणि ती दिसेपर्यंत सोडली नव्हती. गजाननने तिला कधी दाखवली नव्हती. त्याला स्वतःलाही कोणता तारा तो माहीत नव्हता. दिवसभर वावरात राबणारा माणूस रात्री मान वर करून काय पाहणार?

त्या संध्याकाळी तिने त्याला बाजेवरून उठवून आवारात आणलं. गावातली वीज गेली होती. आमच्याकडे तारे पाहायची सोय करून देणारं एकच खातं आहे, ते वीज घालवतं. सप्तर्षी ईशान्येला वर चढत होते. रेखाने मला विचारून विचारून तारा ओळखला, तिला पटकन दिसली ती बारीक जोडीदारीण, आणि ती गजाननला दाखवू लागली. तो पाहायचा, डोळे पुसायचा, पुन्हा पाहायचा. शेकांनंतर त्याच्या एका डोळ्यातून सारखं पाणी वाहायचं, दुसऱ्यावर सूज चढत होती. "एकच दिसून राह्यला," तो म्हणाला. "नीट पाहा ना," ती म्हणाली. "एकच हाये," तो म्हणाला. मी मधे पडले, म्हटलं आज धूळ आहे हवेत. रेखाने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि त्याला परत बाजेकडे घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी तिने जे केलं ते मी कधी विसरणार नाही. आमच्या घरात धाकटी सून भासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ, रेखासाठी संजय. लग्न होऊन आल्यापासून ती संजय दिसला की पदर पुढे ओढायची आणि भिंतीकडे सरकायची. त्याला काही सांगायचं तर मला सांगायची, "भाऊजीले म्हना". तो समोर बसलेला असला तरी असंच. मला या प्रकाराचा संताप यायचा आणि संजयला हसू. त्या दिवशी संजय शाळेतून येऊन सायकल टेकवत होता. रेखा आवार ओलांडून सरळ त्याच्यासमोर गेली. पदर डोक्यावरच होता, पण मान वर होती.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुमच्या दुर्बिनीतून त्यायले अरुंधती दाखवा. आजच दाखवा."

संजय म्हणजे एरवी वर्गात तासभर अंधश्रद्धेवर बोलणारा माणूस. तो म्हणाला, "दाखवतो."

आत आल्यावर मी त्याला विचारलं, तुझा विश्वास आहे का या सगळ्यावर? तो म्हणाला, नाही. मग दाखवणार कशाला? तो म्हणाला, "माझा भाऊ मरून राह्यला. मी अजून काय करू शकतो?"

आवारात हळद वाळत होती. अंधार पडल्यावर मधल्या चौकोनात बाज आणून ठेवली. गजाननला उशीला टेकवून बसवलं, मागून मी धरलं. संजय तारा शोधत होता. तो एरवी साधंच भिंग वापरायचा. त्या दिवशी त्याने खोक्यातून दुसरं, ताकदीचं भिंग काढलं. भावाचे डोळे अधू झालेले, तेव्हा जितकं मोठं दिसेल तितकं बरं, एवढाच त्याचा हिशेब. अरुंधती पाहायला तो दुर्बीण कधी वापरत नव्हता. ती तर नुसत्या डोळ्यांनी दिसते, तिच्यासाठी नळी कशाला लावायची. म्हणून त्या भिंगातून तो भाग कसा दिसतो हे त्यालाही माहीत नव्हतं. त्याने पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "दोन आहेत. अगदी जवळ जवळ. ये गजू, ये."

गजाननला आम्ही तिघांनी मिळून वाकवलं. त्याचा श्वास लागला होता. सुजलेला डोळा मिटून त्याने दुसरा भिंगाला लावला. पाणी यायचं, तो पुसायचा, पुन्हा लावायचा. तारा सरकत होता, संजय पुन्हा पुन्हा नळी हलवून तो मधे आणत होता. वाळत्या हळदीवरून गरम वारा येत होता. मग गजानन म्हणाला, तोंडातून शब्द फुटके यायचे पण हे स्पष्ट आलं, "हाव. दोन हायेत. एक मोठा, एक लहान."

रेखाने डोळा लावला. तिनेही पाहिलं. "दिसली," ती म्हणाली, आणि खाली हळदीवरच बसली. तिला रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस आठवले की मला आजही कळत नाही, ते चांगले होते असं म्हणू की वाईट. रेखा बदलली. ती गजाननला पातळ रवा चमच्याने भरवू लागली, आणि तो खाऊ लागला. पुढच्या लागवडीचं बेणं निवडायचं काम त्याचं असायचं. कोणता गड्डा रोवायचा, कोणता विकायचा, हे त्याच्याइतकं गावात कोणाला जमत नसे. तिने ढीग त्याच्या बाजेपाशी आणून टाकला. तो पडल्या पडल्या एकेक गड्डा हातात फिरवायचा, चांगला निघाला की तिच्याकडे फेकायचा. ती झेलायची आणि लिंबाच्या सावलीत रचून ठेवायची. कधी नेम चुकून तिच्या पाठीत बसायचा आणि दोघं हसायची. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. माझा कशावर विश्वास नव्हता, तरी मीही मनात दिवाळीच्या गोष्टी करू लागले होते.

संजयला मात्र चैन नव्हतं. दोन-तीन दिवसांनी त्याने सहज म्हणून दुर्बीण पुन्हा तिकडे वळवली, या खेपेला साधं भिंग लावून. बराच वेळ तो वाकून राहिला. मग आत आला. मी कणीक मळत होते. तो ओट्याला टेकून म्हणाला, "ती अरुंधती नव्हती."

मला समजेना. त्याने परातीच्या काठावर बोटाने ठिपके काढून दाखवलं. वसिष्ठ नुसत्या डोळ्यांना एक दिसतो, पण दुर्बिणीत तो स्वतःच दोन ताऱ्यांचा निघतो, एक मोठा आणि त्याला चिकटून एक लहान. अरुंधती त्या दोघांपासून बरीच लांब, वेगळी. साध्या भिंगात तिघंही दिसतात. ताकदीच्या भिंगाने मोठं दिसतं, पण दिसणारा आकाशाचा तुकडा लहान होतो, आणि त्या लहान तुकड्यात वसिष्ठाची आपली जोडी तेवढी मावली. अरुंधती कडेच्या बाहेर राहिली. भावाला नीट दिसावं म्हणून त्याने चांगलं भिंग लावलं आणि जे दाखवायचं तेच बाहेर गेलं. "म्हणजे गजूने पाहिलीच नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, मग काय झालं? तुझा तर विश्वास नाही ना? त्याने माझ्याकडे पाहिलं. असं काही मी बोलायला नको होतं हे मला लगेच कळलं.

संजयला खोटं पेलत नाही. रेखा पाणी आणायला गेलेली पाहून दुसऱ्या सकाळी त्याने गजाननला सगळं सांगितलं. मी तिथेच होते. गजाननने ऐकून घेतलं. थोडा वेळ तो हातातला गड्डा फिरवत राहिला. मग त्याचा अर्धा चेहरा हसला.

"म्हंजे वसिष्ठाचीही भानगडच होती म्हना. बायको बाहीर अन ही दुसरीच घरात." संजयला हसता येईना. गजाननने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "भाऊ, तिले सांगू नको. तिले दिसली ना? बस. पुन्हा एकदा दाखवजो मले, बराबर वाली. मी पाह्यतो. मंग खोटं राह्यत नाई काई."

त्या दिवसापासून संजय आकाशाची वाट पाहू लागला, आणि आकाश बंद झालं. दुपारनंतर ढग यायचे, संध्याकाळी वारा सुटायचा, आणि अवकाळी पाऊस. सगळं गाव ताडपत्र्या घेऊन हळदीवर धावायचं. भिजलेली हळद काळी पडते, तिला भाव येत नाही. आम्ही तिघं आवारात ताडपत्रीची टोकं दगडांनी दाबत असायचो, आणि बाजेवरून गजानन ओरडायचा, तिकडून पानी शिरून राह्यलं, तिकडून! मग ओरडणं थांबलं. रवा परत येऊ लागला. बेण्याचा ढीग अर्धा निवडून झाला होता, तो तसाच राहिला.

ढग गेले तेव्हा गजाननचे दोन्ही डोळे सुजून मिटले होते. दिवेलागणीला आकाश धुतल्यासारखं लख्ख झालं. संजयने साधं भिंग लावलं, तारा पकडला, बाजेपाशी आला आणि भावाच्या तोंडाकडे पाहून परत जाऊन दुर्बीण उतरवली. गजाननला पावलं ओळखता येत होती. तो म्हणाला, "राहू दे, भाऊ." मृग लागायच्या आत तो गेला. रेखाने टाहो फोडला नाही. ती फक्त सगळ्यांना विचारत राहिली, "पन दिसली होती ना?" आलेल्या बायकांना वाटलं, तिला दुःखाने भ्रम झाला. संजय आवाराच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा होता.

त्याला दोन उन्हाळे झाले. गेला हंगाम रेखा माहेरी होती. मूलबाळ नाही, तेव्हा तिच्या भावाला वाटलं तिने तिकडेच राहावं. या वर्षी ती आपणहून परत आली, म्हणाली, माझ्या वाट्याचं वावर मीच करणार. सकाळपासून ती आवारात असते. शिजलेली हळद पसरते, उलटते, गोळा करते. कोपरापर्यंत पिवळे हात. याच हातांनी वाळवलेली हळद वाशीमच्या बाजारातून कुठे कुठे नवरीच्या अंगाला लागायला जाते, आणि परवा शेजारच्या मुलीच्या हळदीला तिला कोणी बोलावलं नाही. बोलावणं करायला आलेल्या बाईने माझ्या कपाळाला कुंकवाचं बोट लावलं आणि रेखाला ओलांडून गेली. मी तिला तिथेच चार शब्द सुनावले. रेखा म्हणाली, "कायले भांडता, ताई? हळद घरात भरून पडली हाये माह्या." आणि ढीग सारायला लागली. मला तिचं असं समजूतदार होणं भयंकर वाटतं. तिने आदळआपट केली असती तर मी सुखाने झोपले असते.

संजयने दुर्बीण त्या दिवसानंतर माळ्यावर टाकली होती. मागच्या शनिवारी शेजारच्या लग्नघरची पाहुणे मंडळी गुरू पाहायचा म्हणून मागे लागली, तेव्हा त्याने ती उतरवली. पाहुण्यांनी गुरू पाहिला, त्याचे चंद्र पाहिले, वा वा केली आणि ते जेवायला गेले. आवारात आम्ही तिघंच उरलो. नव्या महामार्गाच्या दिव्यांनी दक्षिणेची बाजू फिक्कट झाली आहे, पण ईशान्येकडे अजून अंधार आहे. सप्तर्षी वर आले होते.

रेखा ढिगाजवळ बसली होती. पदर पुढे होता. मला म्हणाली, "भाऊजीले म्हना, ती दाखवा."

संजयने ऐकलं. कोणती, असं त्याने विचारलं नाही. त्याने साधं भिंग लावलं, नळी फिरवली, आणि बाजूला झाला. मला त्याला थांबवायचं होतं. काय सांगून थांबवणार?

रेखाने डोळा लावला. ती बराच वेळ तशीच राहिली. मग डोळा न काढता म्हणाली, "हे तं तीन हायेत."

संजय एक पाऊल मागे सरला.

"त्या दिवशी दोनच होते," ती म्हणाली. आता ती सरळ झाली होती आणि संजयकडे पाहत होती. पदर खाली सरकला होता, तिने सावरला नाही. "दोन होते. आमी दोघायनंही पाह्यले. तीन कसे झाले, भाऊजी?"

संजयने सांगितलं. भिंगाचं सांगितलं, वसिष्ठाच्या जोडीचं सांगितलं, अरुंधती कडेच्या बाहेर राहिली ते सांगितलं. गजाननला माहीत होतं आणि त्यानेच सांगू नको म्हटलं होतं, तेही सांगितलं. वर्गात शिकवतो तसाच बोलायचा प्रयत्न करत होता. मी तिची वाट पाहत होते, की आता ही ओरडेल, त्याला बोल लावेल, नळी ढकलून देईल. मला ते चाललं असतं.

ती म्हणाली, "म्हंजे त्यायले दिसलीच नव्हती."

"नाही," संजय म्हणाला.

"मंग बराबर हाये," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम मोकळा झाला. "मी दोन वर्सं विचार करून राह्यली, दिसली होती तं गेले कसे? वाटे, हे सारं झूट हाये. पन झूट नाई. नाई दिसली, म्हनून गेले."

आम्ही तिला खरं सांगितलं आणि त्या खऱ्याने तिचा तो विश्वास पक्का केला. एवढी हताश मी दवाखान्यातही झाले नव्हते. मी तिच्याजवळ गेले, तिचा हात धरला, म्हटलं, "रेखा, असं काही नसतं गं. तारे तारे असतात. त्यांना आपलं काही माहीत नसतं."

तिने मान वर केली. दुर्बिणीकडे नाही, नुसती वर. तिचे डोळे फार चांगले आहेत, पहिल्यापासून. एका क्षणात तिची नजर तिथे जाऊन पोचली.

"मले तं रोज दिसते, ताई," ती म्हणाली. "माहेरीही दिसे. जेवन झालं का बाहीर येऊन पाह्यतो. एखाद्या दिवशी तरी दिसू नये ना! रोज दिसते."